श्रोते : एक

सकाळी साडेसात ते आठ या वेळेत मस्टरकाकांच्या घरात भांडण बंद असायचं. तसा काही ठराव झाला नव्हता. पण त्या अर्ध्या तासात रेडिओवर जुनी गाणी लागायची, आणि काका-काकू खिडकीपाशी दोन खुर्च्या ओढून, हातात एकेक कप चहा घेऊन बसायचे. काकू म्हणायच्या, "काय गळा आहे." काका म्हणायचे, "आहे नाही, होता." एवढाच संवाद. पंखा दोनवर की तीनवर, दार लावून घ्यायचं की नुसतं लोटायचं, लेकीचं नाक कुणावर गेलंय, यातल्या कशावरही छत्तीस वर्षांत ज्यांचं एकमत झालं नाही, त्यांचं त्या अर्ध्या तासात झालं होतं : हल्लीच्या गाण्यांत काही दम नाही. संसार टिकायला एक सामायिक शत्रू पुरतो.

मग एका एक तारखेला तो कार्यक्रम बंद झाला. त्या जागी एक तरुण आणि एक तरुणी आले आणि हसायला लागले. कशाला ते सांगेनात. काकांनी तीन दिवस कळ काढली. शेवटी माणसंच आहेत, श्वास घ्यायला तरी थांबतील. चौथ्या दिवशी काकूंनी आपला कप उचलला आणि ओट्यापाशी उभ्याउभ्या चहा संपवला. पाचव्या दिवशीही तेच. सहाव्या दिवशी त्यांच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे येऊन बसले.

काका म्हणजे एका मोठ्या कचेरीत एकतीस वर्षं हजेरीचं मस्टर सांभाळलेला माणूस. दहा वाजून दहा मिनिटांनी मस्टर उचलायचं, म्हणजे उचलायचं. त्यानंतर आलेल्याच्या नावापुढे लाल फुली, मग तो साहेबांचा मेहुणा का असेना. (एकदा तो साहेबांचा मेहुणाच होता. त्यानंतर काकांची दोन वर्षं तळघरातल्या कपाटांशेजारी गेली. पण फुली खोडली नाही.) म्हणून तर अख्खी इमारत त्यांना मस्टरकाका म्हणायची. समोरची खुर्ची रिकामी असणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण 'तू समोर नसलीस की चहा घशाखाली उतरत नाही' हे लग्नाच्या छत्तिसाव्या वर्षी बायकोला सांगायचं कुठल्या तोंडानं? काका एवढंच म्हणाले, "या घराला काही शिस्त राहिली नाही."

"मग लावा," काकू म्हणाल्या.

काका शिस्त लावायला निघाले. म्हणजे जुनी गाणी शोधायला निघाले.

इमारतीत सल्ल्याला तोटा नव्हता. पहिला सल्ला दिला तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी. या गृहस्थांशी वाद घालायची कुणाला सवयच नाही, कारण त्यांच्यापुढे माणसाचं तोंड उघडं असतं खरं, पण बोलायच्या कामाचं नसतं. ते म्हणाले, जमाना डिजिटल रेडिओचा आहे, खरखर नाही, आवाज कसा नुकत्याच साफ केलेल्या दातासारखा. झालं. काकांनी डिजिटल रेडिओ आणला. दुकानात तो गात होता. घरी आल्यावर त्यानं मौन धरलं. अख्ख्या घरात त्याला एकच जागा मानवली, बाल्कनीच्या कठड्याचा तिसरा गज. तीही काकांनी डावा हात रेडिओवर ठेवून उजवा हात आभाळाकडे धरला तरच. समोरच्या दुकानातला शिंपी दोन दिवस उलट हात करत राहिला. तिसऱ्या दिवशी तो जिना चढून वर आला आणि 'काका, काही काम होतं का?' असं विचारून गेला.

एवढं करून त्यावर स्टेशनं तीन. एकावर हवामान, दुसऱ्यावर मधमाश्यांविषयी व्याख्यान, आणि तिसऱ्यावर एक लांबलचक सूर, मधूनच एक बाई, "हे चाचणी प्रसारण आहे." काकांनी विचार केला, चाचणी आहे म्हणजे मागोमाग खरं काहीतरी येणारच. कचेरीत नाही का, आधी मसुदा आणि मग आदेश. दिवसभर ते तिथंच खुर्ची टाकून बसले. संध्याकाळपर्यंत काकू भाजी चिरताना तो सूर गुणगुणायला लागल्या होत्या. लेकीनं फोनवर सांगितलं, "बाबा, ती चाचणी दोन वर्षं चालू आहे. तुम्ही इंटरनेट रेडिओ का नाही लावत? फोनवरच वाजतो."

लेक लांबच्या शहरात, त्यामुळे शिकवणी फोनवर, आणि शिकायचंही फोनवरच. "बाबा, वर कोपऱ्यात तीन रेघा दिसताहेत का?" म्हटलं की काका फोन कानावरून काढून डोळ्यांपुढे धरायचे, आणि पुढचं वाक्य थेट भिंतीला ऐकू जायचं. दीड तासानं ते अ‍ॅप उघडलं. त्यात अडतीस हजार स्टेशनं होती. काकांनी वही घेतली आणि पहिल्यापासून ऐकायला सुरुवात केली. यादी आहे, क्रमांक आहेत, मग क्रमानंच जायला हवं. मधूनच उडी मारणं हे बेशिस्त माणसांचं लक्षण. चौथ्या दिवशी ते दोनशे बाराव्या स्टेशनावर होते. तोवर त्यांनी तीन खंडांतली प्रवचनं, एका बाईंचं उंच पट्टीतलं रडणं (ते गाणं होतं हे मागाहून कळलं) आणि एका स्टेशनावर चाळीस मिनिटं नुसता धबधबा ऐकला होता. धबधब्यापुढे शेरा लिहिला होता, 'निवेदक अद्याप आलेले नाहीत.'

लेकीनं कपाळाला हात लावला असावा. शोधायची चौकट असते हे तिनं सांगितल्यावर काकांनी 'जुनी गाणी' असं लिहिलं. पहिलंच गाणं लागलं ते लेक नववीत असताना तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलं ज्यावर नाचली होती ते. निवेदिका गहिवरून म्हणाली, काळाच्या पडद्याआड गेलेलं एक रत्न. काका उठले आणि आरशात बघून आले. हे जर काळाच्या पडद्याआड, तर आपण आता नक्की कुठे? दुसऱ्या स्टेशनावर गाणी ओळखीची होती, पण मागे नवे ढोल लावलेले. आजीला पळायचे बूट घालून शर्यतीत उतरवल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्यावर तीन गाण्यांमागे गुडघ्याच्या तेलाची एक जाहिरात, आणि ती इतकी काकुळतीला येऊन केलेली, की काकूंचा धडधाकट उजवा गुडघा आठवडाभर दुखला.

आणि मग, सव्विसाव्या दिवशी, सापडलं. 'कोनाड्यातली गाणी' असं नाव. ना जाहिरात, ना हसणं. एक गाणं संपलं की थोडी शांतता, कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज, आणि मग बसक्या गळ्याचा एक निवेदक फक्त गाणाऱ्याचं नाव सांगून गप्प. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीला काकू ओट्यापासून बाहेर आल्या. इस्त्रीचे कपडे पलंगावर गेले. चहा आला. काकूंनी दाद दिली, काकांनी नेहमीप्रमाणे तिचा काळ बदलून दिला, आणि आठ कधी वाजले कळलं नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. शहाण्या माणसाची संपली असती.

काकूंनी कप उचलले आणि काकांनी रेडिओ बंद करायला बोट पुढे केलं. तेव्हा त्यांना पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरं दिसली. 'श्रोते : १'. काकांना आधी वाटलं, हा प्रकरणाचा नंबर. मग त्यांनी काकूंच्या फोनवर तेच स्टेशन लावून पाहिलं. 'श्रोते : २'. बंद केलं. परत १. अख्ख्या जगात त्या बसक्या गळ्याच्या माणसापुढे एकच श्रोता हजर होता, आणि तो म्हणजे आपण. आपण बंद केलं की मस्टर कोरं. तिकडे तो भला माणूस शून्यापुढे गात, म्हणजे गाणी लावत, राहणार.

दुसरा कुणी असता तर बंद करून अंघोळीला गेला असता. पण निरोप समारंभात शेवटच्या भाषणापर्यंत बसून राहिलेला अख्ख्या खात्यातला हा एकमेव माणूस. एकतीस वर्षांत ज्यानं दुसऱ्याची दांडी खपवून घेतली नाही, तो स्वतः कशी मारणार? काकांनी रेडिओ चालू ठेवला. अंघोळीला गेले तर फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला. बाजारात गेले तर सदऱ्याच्या खिशात, भाजीवाली कोथिंबीर निवडता निवडता विरहगीत ऐकून म्हणाली, "काका, घरी सगळं ठीक ना?" दुपारी झोप अनावर झाली तेव्हा काकांनी रीतसर स्टेशनला पत्र टाकलं. 'विषय : रोज दुपारी दोन ते चार अनुपस्थित राहण्यास परवानगी मिळणेबाबत.' तत्काळ उत्तर आलं, 'आपला संदेश मिळाला. तो आमच्यासाठी मोलाचा आहे.' परवानगी दिली असंही नाही, नाकारली असंही नाही. कचेरीच्या भाषेत याचा अर्थ काकांना पाठ होता. नामंजूर.

काकू म्हणाल्या, अहो, ते यंत्र आहे, यंत्रानं पाठवलेलं उत्तर आहे. काका म्हणाले, खुर्ची सरकवल्याचा आवाज यंत्र करत नाही.

मग बदली माणसं शोधणं आलं. काकांनी एक लांब वही आखली. वर ठळक अक्षरांत 'श्रोता हजेरीपट', खाली रकाने : नाव, घर क्रमांक, ऐकण्याची वेळ, सही, शेरा. दंतवैद्यांनी सकाळी दहा ते एक घेतलं, कारण दवाखान्यात एरवीही शांतता नसते. पहिल्याच दिवशी एका गृहस्थांच्या दाढेला यंत्र लावलं आणि नेमकं आईवरचं गाणं लागलं. गृहस्थ घळाघळा रडायला लागले. डॉक्टरांना वाटलं, बधिरता उतरली. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं, मग आणखी एक. गृहस्थ संध्याकाळी घरी गेले ते हातवारे करत. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर फोनचा आवाज बंद करून तो औजारांच्या खणात ठेवायला लागले. हजेरी मात्र पूर्ण. वरच्या मजल्यावरचे विमा एजंट मोठ्या उत्साहाचे. त्यांनी दुपारची पाळी मागून घेतली आणि स्टेशन चोवीस तास मोठ्या आवाजात लावून ठेवलं. म्हणाले, काका, मी फिरतीवर गेलो तरी माझा फोन घरी हजर असेल, काळजी नको. चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी उशीखाली ठेवला.

नोटीस फलकावर पाळ्यांचा तक्ता लागला आणि सोसायटीचे सेक्रेटरी जागे झाले. हा माणूस सकाळी उठून आधी चष्मा लावतो आणि मग हरकत शोधतो. फलकावर परवानगीशिवाय कागद कसा लागला, इथपासून सुरुवात झाली. मग खास सभा. सभेत एकानं विचारलं, जुनी गाणी म्हणजे नेमकी किती वर्षं जुनी, त्याची व्याख्या करा. व्याख्या करायला तिघांची समिती नेमली. समितीतले दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे अहवाल दोन आले. तळमजला विरुद्ध चौथा मजला असे तट पडले. आणि गंमत अशी की, ज्यांना गाण्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांनीही स्टेशन लावलं. वहीत शेजाऱ्याचं नाव आहे आणि आपलं नाही, हे कुणाला सोसणार? आवाज बंद, खणात, कपाटात, गादीखाली. पण हजर. आकडा सात झाला. अकरा झाला. एका सकाळी पंधरा.

काका हरखून गेले. रोज साडेसातला सगळे घरी सापडतात, म्हणून त्याच वेळेला ते वही काखेत मारून मजलोमजली फिरायचे. बेल वाजवायची, पडद्यावरचा आकडा तपासायचा, सही घ्यायची. सेवानिवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्या चालीत तो जुना वेग आला होता. परत येईपर्यंत सव्वाआठ वाजायचे. खिडकीपाशी खुर्च्या दोनच होत्या, त्यातल्या एकीवर काकू असायच्या. काका धापा टाकत आकडा सांगायचे.

एका रविवारी काकूंनी आकडा ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मी रोज दोन कप करते. तुमचा गार होतो, मग बेसिनमध्ये ओतते. उद्यापासून एकच करू का?"

रागानं नाही, भाजी कुठली आणू असं विचारावं तसं. काकांना एकतीस वर्षांत इतकी स्पष्ट लाल फुली कुणी मारली नव्हती. गैरहजर कोण होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. ते म्हणाले, "दोनच कर." आणि वही कपाटात, चादरींच्या खाली ठेवली.

सोमवारी काका सव्वासातलाच खुर्चीत. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. काकूंनी एक नजर टाकली आणि चहात आलं पडलं. सात वीसला काकांच्या फोनच्या मनात काय आलं कोण जाणे, तो आपणहून बंद झाला, त्यानं स्वतःला नवीन करून घेतलं आणि सात अठ्ठावीसला ताजातवाना होऊन उघडला. काकांनी स्टेशन लावलं. पडद्यावर अक्षरं आली : 'क्षमस्व. एका वेळी पंधरा श्रोत्यांचीच सोय आहे. सर्व जागा भरल्या आहेत.'

काकांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. काकूंच्या फोनवर लावलं. तेच. काकूंनी कधी हजेरीपटावर सही केली नव्हती. म्हणायच्या, मी कानानं ऐकते, सहीनं नाही. त्यामुळे त्यांची जागा राखलेली असण्याचा प्रश्नच नव्हता. काकांच्या डोक्यात मात्र प्रकाश पडला. त्या आठ मिनिटांत त्यांच्या जागेवर कुणीतरी येऊन बसलं होतं.

ते कोण, हे शोधायला वेळ लागला नाही. दोन जिने चढून सेक्रेटरींची बेल वाजवली. सेक्रेटरींनी अभिमानानं फोन दाखवला. समितीनं अखेर मान्यता दिली होती, त्यामुळे आजपासून पदाधिकारीही सामील. आवाज अर्थातच बंद. काकांनी हात जोडून सांगितलं, अर्धा तास बंद करा, मी आणि ही ऐकतो, मग तुम्ही परत या. सेक्रेटरी म्हणाले, भावना समजतात, पण ठराव झालेला आहे. आता माघार घ्यायची तर लेखी अर्ज द्या, पुढच्या सभेत ठेवू. काका तसेच खाली. डॉक्टर म्हणाले, मी बंद करतो हो, पण आधी चौथ्या मजल्याला करू दे. शिक्षिकाबाई नेमकं उलटं म्हणाल्या. फोन खणांत, कपाटांत, उशांखाली तोंड मिटून गात होते, आणि अख्ख्या जगात ज्या दोघांना ते ऐकायचं होतं, ते बाहेर उभे.

सात चाळीस झाले होते. काका जिन्यानं परत येत होते. घरी जाऊन बायकोला काय सांगायचं? की मी तुझ्यासाठी गाणी शोधली आणि मग इतकी माणसं जमवली, की तुलाच जागा उरली नाही? विमा एजंटांच्या दारापाशी ते थबकले. दाराला भलंमोठं कुलूप. एजंट फिरतीवर गेले होते. पण आत, दाराआड, गाणं चालू होतं. मोठ्यानं, स्वच्छ, एकही ओळ न चुकता.

काका पायरीवर बसले. जरा वेळानं खालून पावलं वाजली. काकू कंटाळून शोधायला आल्या होत्या. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. गाणं संपलं. शांतता. खुर्ची सरकली. आणि निवेदक, जो कधी नावापलीकडे बोलत नसे, घसा खाकरून म्हणाला, "आज पंधरा जण आहात. सगळ्या जागा भरल्यात. खरं सांगतो, या महिनाअखेरीला हे बंद करणार होतो. सहा वर्षं कुणी नव्हतंच. आता नाही करत." पुढचं गाणं जरा घाईनंच सुरू झालं.

काकू हळूच म्हणाल्या, "त्या पंधरांत ऐकतंय कोण?"

"एकही नाही."

"सांगणार त्याला?"

काका दाराकडे बघत राहिले. खोट्या हजेरीवर आयुष्यभर तुटून पडलेला माणूस. पंधराच्या पंधरा सह्या बोगस, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि त्या बोगस सह्यांवर तिकडे एक माणूस खुर्चीत सरसावून बसला होता.

"चालू दे," काका म्हणाले. "आपण काही मस्टरवर नाही."

काकू खाली गेल्या आणि दोन कप घेऊन आल्या. पायरी अरुंद होती, बसल्या. कामावर निघालेली माणसं पाय उचलून त्यांच्या बाजूनं जात होती. सगळ्यांत शेवटी वरून सेक्रेटरी उतरले, काखेत फाईल. जिन्यावर बसून येण्याजाण्यास अडथळा करणं नियमात बसत नाही, असं म्हणाले. लेखी खुलासा द्यावा लागेल.

"देतो," काका म्हणाले. "आठनंतर."

सेक्रेटरींना वाट द्यायला काकू काकांकडे सरकल्या. सेक्रेटरी खाली निघून गेले, पण परत सरकायचं काही काकूंच्या ध्यानात आलं नाही. काकांनीही आठवण केली नाही.